पागनीसताईंचं नाक

इंदूरच्या राजेंद्र नगरात, आमच्या गल्लीत एक काळ असा होता, की पागनीसताई फाटकातून आत येताना दिसल्या की माझी बायको मेधा आधी कढईवर झाकण ठेवायची आणि मग दार उघडायची. उपयोग शून्य. ताई चपला काढता काढताच म्हणायच्या, "मेधा, परवाच्या वड्यांचं तेल आहे ना गं हे?" आणि ते परवाच्या वड्यांचंच असायचं. मेधा हसायची, कारण पाहुणीवर चिडता येत नाही. चिडायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी मनापासून करायचो.

"ही बाई दुसऱ्याच्या घरात नाक खुपसते, ते खरोखरचं नाक," असं मी एकदा म्हणालो होतो. ते ताईंच्या कानावर गेलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला रस्त्यात अडवून सांगितलं, "विनायक, आमचे पूर्वज होळकरांच्या पागेवर होते. लीद हुंगून सांगायचे घोडा आजारी आहे का ते. मी तेल हुंगते. तेवढी तरक्की केली ना खानदानाने?"

ताई शहराबाहेरच्या एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होत्या, निवृत्तीपर्यंत. तिथे यंत्रं होती, पण तेल बाहेर पाठवायच्या आधी चार माणसं एका खोलीत बसायची, छोट्या काचेच्या पेल्यांत कोमट केलेलं तेल समोर यायचं आणि ती हुंगून, चाखून सांगायची, चालेल की नाही. त्या चारांत ताईंचा शब्द शेवटचा. या कामासाठी त्यांनी आयुष्यभर काही गोष्टी सोडल्या होत्या. गजरा नाही, अत्तर नाही, पान नाही, वासाचा साबण नाही. देवापुढे उदबत्तीही नाही, नुसती समई. यजमान वारले, मुलगी देवासला दिली, नोकरी संपली, तरी हे नियम तसेच. मी विचारलं, "आता कशाला ताई?" तर म्हणाल्या, "अरे, माझ्याकडे आता दुसरं काय आहे? एवढंच आहे. हे सांभाळते."

त्यांची तपासायची रीत ठरलेली. दोन थेंब तळहातावर घ्यायचे, दुसऱ्या तळव्याने चोळायचे, हात गरम झाले की ओंजळ नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे. मग ओंजळ खाली यायची आणि एक शब्द यायचा. ताजं, जुनं, जळकं किंवा खवट. "बरं आहे", "चालून जाईल" असलं काही नाही.

लोक मात्र त्यांना भलतंच विचारायचे. मंडळात, लग्नात, सकाळच्या फिरण्यात, अगदी एकदा स्मशानात लाकडं रचली जात असताना एकच प्रश्न: "मॅडम, कौनसा तेल अच्छा है?" ताई शांतपणे सांगायच्या. कमी घाला. आलटून पालटून वापरा, कधी शेंगदाण्याचं, कधी सोयाबीनचं, कधी तिळाचं. लहान बाटली आणा, उन्हात आणि गॅसशेजारी ठेवू नका. धूर निघेपर्यंत तापवू नका. एकदा तळलेल्यात पुन्हा पुन्हा तळू नका. "तेलाचं नाव नका विचारू, वय विचारा." समोरचा माणूस मान हलवून सगळं ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "वो तो ठीक है मॅडम, पण नाव सांगा ना एक."

मला आत्ता लिहितानाही संताप येतोय. तीस वर्षं जिने तेलाशिवाय दुसरं काही केलं नाही, ती फुकटात सांगतेय, आणि यांना मोबाइलवरचा कुणी दाढीवाला पोऱ्या "रिफाइंड मतलब जहर" म्हणाला की ते पटतं. मग आठ दिवस सगळी गल्ली घाण्याच्या तेलामागे. पुन्हा दुसरा कुणी म्हणाला, तूप प्या, की तूप. समोरचे एक गृहस्थ तर सकाळी अनशापोटी दोन चमचे खोबरेल प्यायचे आणि संध्याकाळी चौकात गराडू खायचे. गराडू म्हणजे आमच्याकडचा थंडीतला कंद, दोनदा तळतात आणि वर मसाला भुरभुरतात. ताई त्यांना म्हणाल्या, "घाण्याचं तेल चांगलं आहे हो, ताजं असेल तर. रिफाइंडही जहर नाही, जुनं नसेल तर. पण तुमच्या घाण्याच्या तेलाची बाटली खिडकीत उन्हात ठेवलीय. महिन्याभरात त्याचं काय होईल?" गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आप तो कंपनीवाले हो. आप तो यही बोलोगे." ताई घरी आल्या आणि दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

माझ्या आईचा किस्सा तर अजून वेगळा. आई आमची जळगावची, इंदूरला माझ्याकडे आली त्याला बरीच वर्षं झाली, पण हिंदी तिच्या सोयीने ऐकते. तिला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "माताजी, मीठा बिल्कुल बंद." आईने घरी येऊन विचार केला. वाणी ज्याला मीठा तेल म्हणतो, ते आपलं गोडं तेल. म्हणजे ते बंद. तिने परस्पर मोहरीचं, म्हणजे कडवं तेल मागवलं, कारण साखरेला कडू चांगलं, हे तिला कारल्यावरून माहीत होतं. पंधरा दिवस आम्ही त्या तेलातले पोहे खाल्ले. डोळ्यांतून पाणी यायचं. मेधा म्हणाली, "अहो, काहीतरी बोला." मी बोललो, तर आई म्हणाली, "तुला आईच्या जिवापेक्षा पोहे मोठे?"

शेवटी ताईंना बोलावलं. ताई आधी एवढ्या हसल्या की ओट्याला धरून खाली बसल्या. मग आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आजी, गोडं म्हणजे खायचं तेल, एवढाच अर्थ. साखर नसते त्यात."

"मग गोडं कशाला म्हणायचं?" आई म्हणाली.

"हा सवाल मला तीस वर्षांत कुणी केला नाही," ताई म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "आजी, चहात साखर किती?"

"दोन चमचे. चहा तर प्यायलाच पाहिजे ना."

मी कपाळाला हात लावला. ताईंनी मात्र रोज सकाळी येऊन आईबरोबर बिनसाखरेचा चहा प्यायला सुरुवात केली, महिनाभर, तोंड वाकडं न करता. आईची साखर खाली आली. हे श्रेय आई आजही कारल्याला देते.

आणि भंवरजी. आमच्या कोपऱ्यावरचे कचोरीवाले, माणूस सोन्यासारखा, पण कढई बघवत नाही. मी आणि ताई एकदा बँकेतून परत येताना तिथे थांबलो. म्हणजे मी थांबलो. ताईंनी विचारलं, "भिया, ये तेल कब बदला था?"

भंवरजींच्या चेहऱ्यावर अभिमान पसरला. "मैडम, तेल बदलते नहीं हम. जितना घटता है, उतना नया डाल देते हैं. पिताजी के टाइम से चल रही है कढ़ाई, आज तक खाली नहीं हुई."

ताईंनी कढईत डोकावून बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "विनायक, तू यांच्या वडिलांच्या वेळचं तेल खातोयस." मी हो म्हणालो आणि कचोरी संपवली. आमच्यासारख्यांना सांगून काय व्हायचंय? पालथ्या घड्यावर पाणी. पण ताईंनी भंवरजींचा नाद सोडला नाही. रोज संध्याकाळी जाऊन उभ्या राहायच्या. गिऱ्हाइकं बिचकायला लागली तेव्हा भंवरजींनी हात जोडले आणि आठवड्यातून एकदा कढई रिकामी करायचं कबूल केलं. करतात की नाही, देव जाणे.

आता मंडळाचं सांगतो. गल्लीतल्या मराठी घरांचा एक गणपती असतो आणि मी त्याचा चिटणीस. चिटणीस म्हणजे ज्याच्यावर सगळे ओरडतात तो. शेवटच्या दिवशी महाप्रसाद, पुरी-भाजी आणि भजी. त्या वर्षी आदल्या वर्षीचे दोन डबे कोठीत शिल्लक होते, पत्र्याचे, पंधरा किलोवाले. एक सीलबंद, आणि एक अर्धा वापरून तसाच ठेवलेला, वर नुसती पिशवी बांधलेली. ताईंनी दोन्ही बघितले. अर्ध्या डब्यातले थेंब चोळले, ओंजळ नाकाशी नेली आणि झटकन मान मागे घेतली. "खवट. फेकून द्या."

मीच म्हणालो, "फेकायचं कशाला ताई? दिवाळीत पणत्यांना होईल." हा माझा मूर्खपणा. ताईंनी मार्करने डब्यावर मोठ्या अक्षरात 'खवट' असं लिहिलं, डबा कोपऱ्यात सरकवला आणि मला बजावलं, "पणत्यांना. लक्षात ठेव." सियागंजच्या घाऊक बाजारातून आणखी दोन नवे डबे आणायचं ठरलं, ते आलेही.

महाप्रसादाच्या सकाळी ताई देवासला लेकीकडे गेल्या होत्या, दुपारी येणार होत्या. कोठी शंतनूच्या ताब्यात होती. शंतनू म्हणजे शेजारच्या गल्लीतला सॉफ्टवेअरवाला मुलगा, कामाला वाघ, घरात तीन पिढ्या इंदुरी मराठी. त्याची आजी अस्सल मराठी बोलायची, आई निम्मं, आणि हा क्रियापदं तेवढी मराठी ठेवतो.

ताई रिक्षातून उतरल्या आणि फाटकातच थबकल्या. मंडप पन्नास पावलांवर होता. मी पाणी घेऊन सामोरा गेलो तर म्हणाल्या, "कोणता डबा फोडला?"

"नवाच असेल."

"विनायक, कोणता डबा फोडला?"

शंतनू हात पुसत आला. चेहरा आनंदाने फुललेला. "ताई, एकदम मस्त झालीय पुरी. मी सगळ्यांना बोललो, आज स्पेशल वाला काढू. वो खवट वाला. बाकीचे तर नॉर्मल होते, त्यांच्यावर काही लिहिलंच नव्हतं."

ताईंनी विचारलं, "खवट म्हणजे काय रे?"

"खव्याचं ना? मावा, म्हणजे आजी खवा म्हणायची. खवट म्हणजे… मावे जैसा. रिच. क्रीमी टाइप."

मी हसलो. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा हसूच आलं. मग पंगतीकडे बघितलं. आमच्या दोनतीनशे माणसांत माझी आई बसली होती आणि चवीने तिसरी पुरी खात होती. हसू विरलं.

ताई पंगतीत शिरल्या. पुऱ्यांची परात वाढणाऱ्याच्या हातातून घेतली आणि मोठ्याने म्हणाल्या, "पुरी खाऊ नका. तेल खराब आहे. माफ करा, पण खाऊ नका." सगळे वर बघायला लागले. एक बाई म्हणाल्या, "ताई, प्रसाद आहे. प्रसादाला नावं ठेवू नये." दुसरे कुणी म्हणाले, "थोड़ा सा तो चलता है." आणि खाल्ल्या हो लोकांनी! परात काढून घेतली तर आधी वाढलेल्या खाल्ल्या. ताई परात धरून मध्ये उभ्या, आणि चारी बाजूंनी पुऱ्या मोडल्याचे आवाज. मला त्या माणसांना एकेकाला धरून हलवावंसं वाटलं. केलं काही नाही, भाजीची बादली उचलून दुसरीकडे ठेवली.

दुसऱ्या दिवशी निम्म्या गल्लीचे घसे धरले, कुणाला जळजळ, कुणाला ओकाऱ्या. आईला दोन दिवस सलाइन लावावं लागलं. लोकांनी आधी बटाट्याला दोष दिला, मग हवेला. पण ओरडणारी बाई सगळ्यांनी बघितली होती. हळूहळू गल्लीला पटलं, की बाई बरोबर बोलत होती. शंतनू ताईंच्या दारात जाऊन रडला. ताईंनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुझी चूक नाही. मी असा शब्द लिहिला जो आता कुणाला येत नाही. हिंदीत लिहायला पाहिजे होतं, खराब." पुढे म्हणाल्या, "पण खराब म्हटलं की कळत नाही रे, काय खराब. खवट म्हटलं की नाकालाच कळतं."

त्यानंतर ताईंचे दिवस आले. सकाळी फिरून येताना लोक त्यांच्या दारापुढच्या ओट्यावर बाटल्या आणायचे. भंवरजींचा पुतण्यासुद्धा वाटीत तेल घेऊन यायचा. "पागनीस मॅडमने पास किया है" असं लोक पाहुण्यांना सांगायचे. मला वाटायचं, ताई हे हसण्यावारी नेतील. पण त्यांना आवडत होतं. का आवडू नये? उभा जन्म माणसाने खरं सांगावं आणि कुणी ऐकू नये, मग म्हातारपणी ऐकावं. त्या दिवसांत त्या ताठ चालायच्या, आणि मला म्हणायच्याही, "विनायक, आता जबाबदारी आहे हां. माझ्या एका शब्दावर लोक पोराबाळांना खायला घालतात."

दोन गणपती असे गेले. तिसऱ्या वर्षी होळीच्या सुमाराला ताईंना तापाने धरलं. आठ दिवस पडून होत्या, मग उठल्या, पुन्हा ओट्यावर बसायला लागल्या. सगळं पूर्वीसारखं. पावसाळ्यात एकदा मेधाने माझ्या हातात एक बाटली दिली. माळ्यावर मागे राहिलेली, कधीची कोण जाणे. "फेकायचीच आहे, पण ताईंना दाखवून या, मला खात्री आहे तरी." मला स्वतःला वास येत होता. माझं नाक सामान्य, तरी येत होता. मी निघालो, पण डोक्यात मंडळाची परवानगी, मंडप, लाइट, असलं सगळं घोळत होतं.

ताईंनी दोन थेंब घेतले. चोळले. ओंजळ नाकाशी नेली, डोळे मिटले. मग डोळे उघडून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

"ताजं आहे. वापरा."

मला वाटलं, थट्टा करतायत. इतक्यात आतून करपल्याचा वास आला, मग धूर. मी आत धावलो. दुधाचं पातेलं कोळसा झालं होतं. गॅस बंद करून बाहेर आलो, तर ताई तशाच ओट्यावर बसलेल्या, हात मांडीवर.

"काय जळलं?" त्यांनी विचारलं.

"दूध. ताई, तुम्हाला…"

"होळीपासून नाही येत," त्या म्हणाल्या. "काहीच नाही. कापूर जाळून बघितला. फिनाइल बघितलं."

मी खाली बसलो. "मग या चारपाच महिन्यांत लोकांना सांगत होतात ते?"

"तोंडाकडे बघून. माणूस बाटली घेऊन येतो ना, त्याला अर्धं माहीत असतं. खराब असली की तो हात लांब धरून येतो. नुसतं विचारायला आला असला की छातीशी धरून येतो. मी तेवढं बघते." मग म्हणाल्या, "आज तुझ्या तोंडावर काही नव्हतं. कुठे होतं तुझं लक्ष?"

मला राग आला होता, तो त्यांचाच आला होता. ही बाई, जी मला पणत्यांच्या तेलावरून तीन वर्षं ऐकवते, तिने असं करावं? त्यांना तो राग दिसला असणार. त्या म्हणाल्या, "मी सांगणार आहे सगळ्यांना. या रविवारी मंडळाच्या मीटिंगमध्ये. रोज ठरवते, आणि रोज कुणी बाटली घेऊन येतं, आणि मी हात पुढे करते."

आणि इथे मी जे केलं, त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "ताई, यंदा राहू द्या."

गणपती तीन आठवड्यांवर आला होता. मी त्यांना समजावलं, होय, मीच. म्हणालो, तुमच्या नावाचा धाक आहे म्हणून लोक नवं तेल आणतात. तुम्ही बाजूला झालात की परत जुने डबे निघतील. सियागंजहून डबे मी स्वतः आणतो, तारीख बघून, सील बघून. तुम्ही फक्त उभ्या राहा. गणपती झाला की सांगा. खोटं कुठे आहे त्यात, तेल तर चांगलंच असणार.

ताईंनी तेलकट तळवे पदराला पुसले. मग म्हणाल्या, "म्हणजे मी लेबल."

"तसं नाही ताई."

"तसंच आहे. पण बरं."

महाप्रसादाच्या दिवशी सकाळी डबा फोडला. आचाऱ्याने पळीभर तेल वाटीत काढून ताईंपुढे धरलं. कार्यकर्ते गोल करून उभे, शंतनू मोबाइलवर व्हिडिओ काढतोय. ताईंनी दोन थेंब घेतले, चोळले, ओंजळ नाकाशी नेली. डोळे मिटले नाहीत. ओंजळीवरून त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या.

"ताई, कसं आहे?" कुणीतरी विचारलं.

मी मान हलवली. अगदी एवढीशी.

"चांगलं आहे," ताई म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. "चांगलं" हा शब्द मी त्यांच्या तोंडून तेलाबद्दल पूर्वी कधी ऐकला नव्हता.

तेल खरंच चांगलं होतं. कुणाला काही झालं नाही. पुऱ्या टम्म फुगल्या. ताई जेवल्या नाहीत, उपास आहे म्हणाल्या, आणि आरतीच्या आधी घरी गेल्या. मी मागून ताट घेऊन गेलो, तर दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. मराठीत आणि खाली हिंदीत, दोन्हीकडे तेच. "मला होळीपासून वास येत नाही. तेव्हापासून मी ज्यांना तेलाबद्दल सांगितलं ते अंदाजाने सांगितलं. गणपतीतलं तेल मी तपासलेलं नव्हतं. माझं नाव घेऊन कुणी तेल वापरू नये. मी सगळ्यांची माफी मागते." माझं नाव त्यात कुठेही नव्हतं.

मला वाटलं, आता गल्ली पेटेल. लोक ताईंना बोलतील, मग मला पुढे होऊन सांगावं लागेल. मी शब्दही जुळवून ठेवले होते. पण काय आलं माहीत आहे? जोडलेले हात आले. फुलं आली. "गेट वेल सून ताई." "आप महान हो मॅडम." दाढीवाल्या पोऱ्याचा एक व्हिडिओ आला, गाईच्या तुपाचे दोन थेंब नाकात घातले की वास परत येतो म्हणे. आणि खोबरेल पिणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं, "नाक गया तो क्या, एक्सपीरियंस तो है. आप बस एक बार देख लिया करो, हमको तसल्ली रहती है." त्याखाली सतरा जणांनी अंगठे दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर तीन बाटल्या होत्या.

मी त्या उचलून ज्याच्या त्याच्या दारात नेऊन आपटल्या. एका बाईंना म्हणालो, "वाचता येतं का तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, ताई नाही म्हणाल्या नाहीत ना पण." मी त्यांच्या फाटकावर डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. नाक होतं तेव्हा यांनी बाईला वेडी ठरवली, आणि नाक गेल्यावर यांना तिचा शिक्का हवा. आणि शिक्का करायला शिकवलं कुणी? चिटणीसांनी. त्या रागातून मला स्वतःला वगळता येत नव्हतं. मग मी ग्रुपवर लिहिलं, की गणपतीत ताईंना गप्प राहायला मी सांगितलं होतं. त्यालाही जोडलेले हात आले.

ताईंनी ओट्यावर बसणं सोडलं. मुलीने नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, कधीकधी परत येतो, कधी नाही, रोज दोन वेळा ओळखीचे वास घेत राहा, सवय करा. भेटणं त्यांनी बंद केलं होतं. मी दोनदा गेलो, दोनदा लेकीने सांगितलं, आई झोपलीय.

परवा गेलो तेव्हा लेक नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं. ताई जेवायच्या टेबलाशी बसल्या होत्या, समोर झाकण ठेवलेल्या सहा लहान वाट्या आणि शाळेची वही. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं आलास. मी झाकणं ठेवते ना, तेव्हा मला माहीत असतं कशात काय आहे. मग मन चोरी करतं. तू वाट्या मागेपुढे कर. मी तिकडे बघते."

मी वाट्या हलवल्या. लिंबाची साल, लवंग, कापूर, हिंग, ताजं शेंगदाण्याचं तेल, आणि एकीत मळकट, दाट, जुनं तेल, कुणाकडून आणलं होतं देव जाणे. ताई वळल्या. मी एक वाटी उघडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटले. नाकपुड्या हलल्या. इतका वेळ त्यांनी ती वाटी धरली, की मला घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. मग त्यांचा चेहरा उजळला. पहिल्या बाकावरच्या मुलीला उत्तर येतं तसा.

"येतोय. विनायक, येतोय रे थोडासा. खवट. खवट ना?"

वाटीत ताजं तेल होतं.

मला हो म्हणता आलं असतं. सोपं होतं. ती बाई त्या दिवशी तरी दोन घास सुखाने जेवली असती.

"नाही ताई," मी म्हणालो. "ताजं आहे."

त्यांनी डोळे उघडले. वाटीत बघितलं. चेहऱ्यावरचं ते सगळं हळूहळू खाली उतरलं, मी ते उतरताना बघितलं. मग त्यांनी वही ओढली, तारीख घातली आणि तिच्यापुढे 'चूक' असं लिहिलं. वाटी बाजूला ठेवली, पदराने डोळे पुसले आणि पाठ फिरवून बसल्या.

"पुढची दे," त्या म्हणाल्या.